घासायला आम्ही, किल्ली त्यांच्याकडे

आमच्या घरी दागिन्यांची पेटी वर्षातून दोनदा खाली यायची. एकदा गौरी बसायच्या आदल्या दिवशी, आणि एकदा घरात कुणाचं लग्न निघालं की. मामंजी करदोट्याला बांधलेली किल्ली सोडायचे, माळ्यावरून पेटी उतरवायचे, कुलूप काढायचे आणि किल्ली पुन्हा करदोट्याला बांधायचे. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पेटी माजघरात आणायच्या आणि आम्ही बायका घासायला बसायचो. संध्याकाळी सगळं मोजून पेटीत जायचं. मोजायचे मामंजी.

आत्याबाईंनी चाळीसेक वर्षं तरी ती पेटी घासली असेल. त्यात त्यांच्या माहेरची नथ होती, मोत्याच्या कुड्या होत्या, लाखेवरची बोरमाळ होती. किल्ली मात्र एकदाही त्यांच्या हातात आली नाही, आणि त्यांनी ती मागितली असंही मला आठवत नाही. मीही मागितली नाही. सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, जसं पाणी बाईनं भरायचं तसं दागिने बाईनं घासायचे आणि कुलूप बाप्यानं लावायचं.

मी मार्गासनीची. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. साखर-गुंजवण्यावरून राजगडावर जाणारे ट्रेकर इथूनच वळतात, त्यामुळे रविवारी टपरीवर गर्दी असते. तालुक्याचं नावही आता वेल्ह्याचं राजगड झालं आहे. पाऊस उदंड, शेती भाताची. सोनं म्हणाल तर बेताचं. एक नथ, एखादी ठुशी, मंगळसूत्राच्या दोन वाट्या, कुड्या, फार तर खड्याची अंगठी. बहुतेक घरांत एवढंच. पण भात गेला, दवाखाना लागला, मुलाची फी भरायची आली की पहिली नजर जाते ती याच डब्याकडे. म्हणून या डब्याची गोष्ट मला लिहावीशी वाटली. तो घासायचा कसा, हेही सांगणार आहे आणि तो कुणाचा, हेही. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

आधी माझी चूक सांगते. १९९४ साली माझी धाकटी जाऊ घरात आली. तिच्या माहेरनं तिला मोत्यांची नथ घातली होती. सात मोती, मधे लाल खडा. त्या वर्षी गौरींच्या आधी मी देवघरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासत होते. हातासरशी म्हणून जावेची नथही त्याच चिंचेच्या पाण्यात टाकली. भांडी लखलखली. नथीचं सोनंही बरं निघालं. पण मोती? त्यांच्यावरचं पाणीच गेलं. एका मोत्याला तर चुना लावल्यासारखा पांढराफटक डाग पडला आणि बोट फिरवलं की तो खरखरीत लागे. आत्याबाईंनी नथ उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पदराखाली घेतली. बाप्यांसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. जाऊ नवी होती, तीही गप्प राहिली.

असं का झालं ते मला पुष्कळ वर्षांनी, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून कळलं. मोती हा जमिनीतला दगड नाही. तो शिंपल्यात तयार होतो आणि बराचसा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे चुनखडी ज्या पदार्थाची असते त्याच पदार्थाचा. आंबट काही लागलं की हा पदार्थ विरघळतो. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर, ताक, मोत्याला सगळी सारखीच. पोवळ्याचंही तेच. ते समुद्रातल्या जिवाचं घर, तेही चुन्याचंच. तेव्हा पितळेचा नियम नथीला लावू नका. ज्या आंबटानं तांब्याचा डाग जातो त्यानं मोत्याचा मोतीपणा जातो, आणि तो परत आणणारा सोनार अजून जन्मायचा आहे.

मग मोती साफ कसे करायचे? जेवढं कमी कराल तेवढं बरं. घालून झाल्यावर, पेटीत ठेवण्याआधी, स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ मलमलीच्या फडक्यानं एकेक मोती पुसायचा आणि सावलीत वाळवायचा. घामही मोत्याला बरा नाही. फारच मळला असेल तर अंगाच्या साध्या साबणाचा फेस फडक्याला लावून पुसा, लगेच नुसत्या ओल्या फडक्यानं फेस काढून टाका. ओवलेली माळ पाण्यात बुडवायची नाही. दोरा पाणी पितो, आतून कुजतो आणि नेमका मांडवात तुटतो. दोऱ्याची माळ टांगून ठेवली तर ताणते, म्हणून आडवी ठेवायची. दोरा सैल झाला किंवा मळून काळा पडला की पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यायची. दोन मोत्यांच्या मधे गाठ मारून घेतली तर तुटली तरी सगळे मोती सांडत नाहीत. पावडर, अत्तर, केसांचं तेल सगळं आधी लावावं, मोती शेवटी घालावेत आणि आल्यावर पहिले उतरवावेत. ठेवायला मऊ सुती पिशवी बरी. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत वर्षभर कोंडू नयेत. सोन्याच्या बांगड्यांबरोबर एका डब्यात टाकले तर त्यांच्यावर ओरखडे पडतात, कारण मोती अगदी मऊ. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात, तेव्हा पेटी भिंतीला टेकून ठेवू नये हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

खड्यांचं गणित निराळं. माणिक आणि नीलम ही एकाच दगडाची भावंडं, हिऱ्याच्या खालोखाल टणक. त्यांना कोमट पाणी, थोडा साबण किंवा रिठ्याचा फेस आणि लहान मुलाचा मऊ टूथब्रश चालतो. हिऱ्याला ओरखडा सहसा पडत नाही, पण तेलकटपणा तो चटकन धरतो. खोबरेल लावलेल्या हातांनी अंगठी घातली की ती चार दिवसांत मंद दिसते, साबणाच्या पाण्यानं पुन्हा उजळते. पाचू मात्र नाजूक प्रकरण. त्याच्यात मुळातच बारीक तडे असतात आणि ते दिसू नयेत म्हणून व्यापारी त्यात तेल मुरवतात. गरम पाण्यात उकळलात की तेल निघून जातं आणि काल दिसत नसलेला तडा आज डोळ्यांत भरतो. पाचूला थंड पाणी, ओलं फडकं, बस्स. पिरोजा सच्छिद्र असतो, तेल-साबण पिऊन रंग बदलतो, त्याचीही सफाई ओल्या फडक्यानंच.

आणि खरं सांगू का, आपल्या पेटीतले बरेचसे लाल-हिरवे खडे काचेचे असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? काचही जपावी लागते. हवेतल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, ते काचेपेक्षा टणक. म्हणून खडा कोरड्या पदरानं कधी खसाखसा पुसायचा नाही. आधी पाण्यानं धूळ सोडवायची, मग टिपायचं. रांगोळी, राख, दातांची पावडर, टूथपेस्ट यांनी घासलेले खडे चार वर्षांत आंधळे होतात. खरं-खोटं यावरून एक आठवलं. माणिक कारखान्यात करायची रीत फ्रान्समधल्या व्हर्नुई नावाच्या शास्त्रज्ञानं १९०२ साली जाहीर केली. तेव्हा आजीच्या अंगठीतलं माणिकसुद्धा खाणीतलं असेलच असं नाही. टणकपणात ते खाणीतल्या माणकापेक्षा कमी नसतं, भावात मात्र फार कमी.

घासण्याआधी दागिना कानाशी धरून हळूच हलवा. खुळखुळलं तर खडा कोंदणात सैल आहे, तो पाण्यात न घालता सोनाराकडे न्या. मोरीवर, नळाखाली, ओढ्यावर दागिना कधी धुवायचा नाही. परातीत पाणी घ्या, तळाला फडकं अंथरा आणि शेवटी ते पाणी फडक्यातून गाळूनच ओता. आमच्या आत्याबाईंनी असा गाळून एकदा राईएवढा खडा परत मिळवला होता. ज्या कोंदणाची पाठ बंद आहे, त्यात खड्यामागे चमक यावी म्हणून वर्ख बसवलेला असतो. आत पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो, म्हणून असा दागिना बुडवायचा नाही. बोरमाळेचे मणी, मंगळसूत्राच्या वाट्या यांच्यात बहुधा लाख भरलेली असते. लाख उष्णतेनं पातळ होते. हे दागिने गरम पाण्यात घालायचे नाहीत, चुलीच्या कडेला वाळवायचे नाहीत.

दुकानात दागिने धुवायचं यंत्र आलं आहे, पाणी थरथरवून मळ काढणारं. साध्या सोन्याला ते ठीक. पण त्यात मोती, पोवळं आणि पाचू घालू देऊ नका. सैल खडा तर त्या थरथरीनं हमखास निखळतो.

आता एक इशारा. दारावर दागिने उजळून देणारे येतात. दुपारची वेळ धरून येतात, कारण तेव्हा घरात बाईमाणूस एकटं असतं. आधी देवाचा तांब्या चकचकीत करून दाखवतात, मग बांगड्या मागतात. त्यांच्या डब्यातलं पाणी साधं नसतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं की अम्लराज तयार होतं, ते सोनं विरघळवतं. बांगडी चकचकते खरी, पण तिचं काही सोनं त्या डब्यातच राहतं. मग हळदीच्या पाण्यात घालून, ‘कुकर अर्ध्या तासानं उघडा वहिनी,’ असं सांगून माणूस निघून जातो. आमच्या आळीतल्या एका बाईच्या पाटल्या अशाच हलक्या झाल्या. तिला त्यानंतर घरात काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. पाटल्या तिच्या माहेरच्या, तरी बोलणी खावी लागली तिलाच. तुझं सोनं गेलं असं कुणी म्हणालं नाही. घरचं सोनं घालवलंस म्हणाले.

हे ‘घरचं सोनं’ मला नीट तपासायचं आहे.

आपल्या चळवळीत दागिन्यांबद्दल एक मत पहिल्यापासून आहे. दागिने म्हणजे बेड्या. पहिल्यांदा शिबिराला गेले तेव्हा शहरातल्या एका ताईंनी विचारलं होतं, नाकात वेसण कुणाच्या असते? सगळ्या हसलो. मी माझ्या नाकातल्या चमकीला हात लावला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या डोंगरापलीकडे, वरंधा घाट उतरून गेलं की महाड. तिथं डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांसमोर भाषण केलं आणि ज्या नेसण्यावरून, ज्या गळाभर-हातभर दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडून द्या असं बजावलं. दागिना बाईच्या अंगावर जात लिहितो, लग्न लिहितो, सौभाग्य लिहितो आणि नवरा गेला की खोडूनही टाकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गावात अजूनही त्या वेळी हात धरणाऱ्या बायकाच असतात, हे दुःखानं लिहिते.

हे सगळं मान्य करूनही माझं मत वेगळं पडतं. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, घर नाही, बँकेत पुस्तक असलं तर त्यात अनुदानापुरते पैसे, तिला ‘दागिने फेकून दे’ म्हणून सांगणं सोपं आहे. पण फेकल्यावर ते पडतात कुणाच्या झोळीत? बेडी असेल तर असो, ती विकता येते आणि जमिनीच्या तुकड्याला तिचं नाव लागत नाही. प्रश्न घालावं की न घालावं हा माझ्या लेखी दुसरा. पहिला प्रश्न, किल्ली कुणाकडे?

माझ्या जावेच्या बाबतीत हा प्रश्न आमच्याच ओटीवर उभा राहिला. २०१६ साली भाऊजी अचानक गेले. दिवसकार्य झालं, तिच्या अंगावरचं काढून ठेवलं ते पेटीत गेलं. मामंजी त्याआधीच गेले होते, किल्ली आता माझ्या मालकांकडे होती. दोन वर्षांनी जावेच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती. जाऊ ओटीवर आली आणि म्हणाली, ‘भाऊजी, माझी नथ, कुड्या आणि ठुशी द्या.’ एवढंच.

माझे मालक वाईट माणूस नाहीत. पण ते म्हणाले, ‘पेटीत सगळं एकत्र आहे. कुणाचं कुठलं, आता कसं सांगायचं? घरचं सोनं आहे, घरासाठी ठेवलंय.’ चुलत दीर बसले होते, त्यांनीही मान डोलवली. लग्नात याद्या झाल्या होत्या की! दोन्हीकडच्या बाप्यांनी बैठकीत बसून, कागदाला हळद-कुंकू लावून, कुणी काय घालायचं ते लिहिलं होतं. तो कागद मात्र लग्नानंतर कुणी पाहिला नाही. याद्या होतात त्या देण्याघेण्यासाठी. दिल्यावर ते कुणाचं झालं, हे कुठल्या यादीत लिहिलेलं असतं?

जावेनं पेटीला हात लावला नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, ‘माझ्या नथीत सात मोती आहेत. त्यातल्या एकावर पांढरा डाग आहे, बोट लावलं तर खरखरतो. मधल्या खड्याचा खालचा कोपरा उडालाय. उजव्या कुडीचा एक मोती दुसऱ्या रंगाचा आहे, तो मागनं बसवलाय, साल सांगते, २००३.’ एकही वस्तू न बघता. बावीस गौरी तिनं ते घासले होते.

नथ काढली. डाग होता. पण चुलत दीर म्हणाले, मोत्यावर डाग काय कुणाच्याही पडतो. तेव्हा मी आत चहा गाळत होते. बाहेर आले आणि म्हणाले, ‘तो डाग मी पाडलाय. चिंचेनं. चौऱ्याण्णवच्या गौरींना. ही नथ तिच्या माहेरची आहे आणि मी ती त्याच दिवशी ओळखीची करून ठेवलीय.’ चार माणसांत नवऱ्याच्या विरुद्ध बोलायची माझी ती पहिली वेळ. पुढचे आठ दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

नथ आणि कुड्या तिला मिळाल्या. ठुशी नव्हतीच. दर गौरीला आम्ही विचारायचो तेव्हा ‘पतसंस्थेत ठेवलीय, सोडवून आणू’ असं उत्तर यायचं. ती बोअरवेलच्या वेळी गहाण पडली होती आणि कधीच सुटली नव्हती. लिलावात गेली होती. बोअर आमच्या सगळ्यांच्या शेतासाठी, ठुशी तिची, आणि तिला विचारलं कुणी? कुणीच नाही. मीही नाही. ठुशीच्या पैशांतले निम्मे दोन वर्षांत दिले, उरलेले अजून यायचे आहेत. हे मी छापायला देते आहे याची घरी कल्पना आहे.

कायदा काय म्हणतो? आम्ही कोर्टात गेलो नाही, पण संघटनेच्या एका कार्यकर्तीनं सांगितल्यावर मला फार संताप आला, कारण हे आधी माहीत असतं तर आम्ही वीस वर्षं गप्प बसलो नसतो. हिंदू वारसा कायदा १९५६चा, त्याचं कलम १४. बाईला लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर मिळालेलं स्त्रीधन तिच्या पूर्ण मालकीचं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधन सासरच्या पेटीत ठेवलं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. ते सांभाळणारे फक्त राखणदार. मागितल्यावर दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका बाईच्या खटल्यात पुन्हा सांगितलं, स्त्रीधन नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. नवऱ्यानं अडचणीत वापरलं तरी परत करायची नैतिक जबाबदारी त्याची. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करायचा हुकूम देऊ शकतात. मुस्लिम मैत्रिणींसाठी १९८६चा कायदा आहे. तलाकनंतर, लग्नात आणि आधी-नंतर माहेरनं, सासरनं, मैत्रिणींनी जे काही दिलं ते मागायचा हक्क त्यात लिहिलेला आहे.

आणि याद्यांबद्दल. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची, प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, कुणी दिली, त्याचं नातं काय हे लिहायचं आणि त्यावर नवरा-नवरी दोघांनी सही करायची. नवरीची यादी नवरीनं ठेवायची. चाळीस वर्षं झाली या नियमाला. मी आजवर एकाही लग्नात अशी यादी नवरीच्या हातात पाहिलेली नाही, आणि आमच्याकडची लग्नं मी पुष्कळ पाहिली.

म्हणून माझं सांगणं असं की लग्नातली यादी राहिली असेल तर गौरीच्या आदल्या दिवशी करा. पेटी त्या दिवशी तुमच्या मांडीवर असतेच. एकेक दागिना पुसताना मोती मोजा, खडे मोजा, कुठला कोपरा उडाला, कुठला मोती बदलला ते वहीत लिहा. मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. कुणी दिला, कधी दिला तेही लिहा आणि देणारी हयात असेल तर तिची सही घ्या. वहीची एक प्रत माहेरी ठेवा. पेटी घासायला बसलेल्या बाईकडे घरात कुणाचं लक्ष नसतं, तेवढा तरी फायदा घ्या.

नवा दागिना घेताना पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरट आणि हॉलमार्कचा आकार वेगवेगळा लिहून घ्या. खड्याचं आणि लाखेचं वजन सोन्याच्या भावानं लावलेलं नाही ना ते पाहा. तुम्ही गहाण टाकायला जाता तेव्हा हेच वजन पटकन वजा केलं जातं. घेताना सोनं आणि ठेवताना दगड, असं होऊ देऊ नका. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. तो क्रमांकही वहीत उतरवा, तो दुसऱ्या कुठल्या दागिन्याला नसतो. मात्र दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला आणि कुंदन-जडावाला ही सक्ती नाही, आणि आपल्या नथीतलं सोनं बरेचदा तेवढ्यातच बसतं. म्हणजे नथीची ओळख शेवटी तिला पुसणाऱ्या बाईलाच ठेवावी लागते.

एकदा बचतगटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘अगं, यादी केली तर घरात संशय शिरंल.’ मी विचारलं, मामंजी दर संध्याकाळी मोजायचे त्याला काय म्हणायचं? ती हसली, पण तिला पटलं नसावं.

आमच्याकडे आता दोन डबे आहेत. माझा माझ्या कपाटात, जावेचा तिच्या. गौरींना दोघींचे दागिने देवीच्या अंगावर जातात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या डब्यात परत येतात. जावेची मुलगी नोकरीला लागली आहे. तिनंच आईची यादी एका जुन्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढली. पहिल्याच ओळीत आहे : नथ एक, मोती सात, पैकी एक डागी, थोरल्या काकूनं चिंचेनं घासल्यामुळे. कंसातलं वर्षसुद्धा बरोबर लिहिलंय. मी म्हटलं, अगं, माझं नाव तेवढं खोड. जाऊ म्हणाली, ‘राहू द्या जाऊबाई, पुरावा आहे तो.’